ग्रुपमध्ये ३४०, मीटिंगला ११

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३१ वर्षांची, पुण्यात आयटीत, कंपनी अमेरिकन. माहेर कोकणात खाडीकाठी, घरची खारभूमीतली, म्हणजे बांध घालून खाडीचं पाणी अडवलेल्या जमिनीतली, भातशेती. तिच्या गावासकट नऊ गावांच्या जमिनीवर औद्योगिक क्षेत्र यायचंय आणि एमआयडीसीची पहिली नोटीस लागलीय. तिने व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, त्यात ३४० लोक आहेत. जागतिकीकरण, खासगीकरण, बड्या कंपन्या यावर ती रोज काहीतरी टाकते, लोक अंगठे देतात, पण देवळात मीटिंग ठेवली तर ११ माणसं आली, त्यातले चार तिच्याच घरचे. सख्ख्या काकांनी एजंटकडून इसार घेतलाय. वडील म्हणतात तू यात पडू नकोस. ऑफिसातला मित्र म्हणतो, डॉलरवर जगतेस आणि जागतिकीकरणाला विरोध करतेस. तिचे तीन प्रश्न आहेत. नोकरी सोडून गावी जाऊ का, काकांशी संबंध तोडू का, आणि लोकांना हे जागतिकीकरण समजावायचं कसं, म्हणजे नऊ गावांचं पक्कं जाळं उभं राहील?

बाई गं, पत्र दोनदा वाचलं. तुला तू म्हणते, माझी लेक तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत. तू धरून चाललीयेस की आधी लोकांना जागतिकीकरण कळेल, मग राग येईल, मग ते एकत्र येतील. मीही बरीच वर्षं असंच धरून चालले होते. २००४ च्या जानेवारीत गोरेगावला वर्ल्ड सोशल फोरम, म्हणजे जागतिकीकरणाच्या विरोधकांचं जागतिक संमेलन, भरला होता तेव्हा मी गेले होते, पाच-सहा दिवस नुसते ढोल, घोषणा, देशोदेशीचे लोक, प्रत्येकाच्या हातात आपापलं पत्रक, मी पिशवी भरून पत्रकं घरी आणली आणि वर्षभराने रद्दीत घातली. बरं, त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडे दुसरं संमेलन चाललं होतं, त्यांचं म्हणणं की रस्त्याच्या या बाजूचे पुरेसे कडवे विरोधक नाहीत. जागतिकीकरणाच्या विरोधकांचेही दोन मांडव! हसू नकोस, नऊ गावांत तुझ्याही दोन समित्या होतील, तयारी ठेव.

आणि शेतकरी म्हणजे आपोआप जागतिकीकरणाच्या विरोधात, हेही मनातून काढ. डंकेल प्रस्ताव, म्हणजे जागतिक व्यापार कराराचा मसुदा, आला तेव्हा आपल्याकडे शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने उभे होते आणि शेजारी कर्नाटकात नंजुंडस्वामींचा रयत संघ त्याच प्रस्तावाविरुद्ध रस्त्यावर होता, १९९२ च्या डिसेंबरमध्ये बंगळुरात कारगिल या अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात घुसून त्यांनी कागद बाहेर काढून जाळले. दोघेही शेतकऱ्यांचे मोठे नेते आणि दोघांच्या मागे लाखाने माणसं. म्हणजे हा शब्द टाकला की गाव एका बाजूला होतं असं नाही, उलट शब्दानेच गाव फुटायची शक्यता जास्त.

आता तुझ्या जवळचंच उदाहरण घेऊ. पेण, उरण, पनवेल तालुक्यातल्या ४५ गावांच्या जमिनीवर महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, यायचा होता, रिलायन्सचा. २००५ चा सेझ कायदा, परदेशी गुंतवणूक, निर्यात, सगळं अगदी तू ग्रुपवर लिहितेस त्या भाषेतलं. पण माणसं कशावर धरली? पेणमधल्या २२ गावांनी हेटवणे धरणाचं पाणी धरलं. म्हणणं साधं होतं, आमची जमीन धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, पाणी द्यायचं तुम्ही कबूल केलंय आणि आता तीच जमीन कारखान्याला कशी मागता? या मुद्द्यावर सरकारला २१ सप्टेंबर २००८ ला त्या २२ गावांत चक्क मतदान घ्यावं लागलं, सेझ हवा की नको. पुढे संपादनाला मुदतीत निवाडा झाला नाही, जुन्या कायद्यात घोषणेनंतर दोन वर्षांची मुदत होती, आणि २००९ साली ते बारगळलं. एन. डी. पाटलांसारखी जुनी माणसं, उल्का महाजन वगैरे कार्यकर्ते मोर्चे काढत होते, उपोषणं करत होते, ते सगळं होतंच, पण गावांनी मुख्यतः केलं काय तर दोन वर्षं सही न करता दम धरला. टिकून राहणं, बस्स. फोटोत येत नाही ते.

आणि तो दम आला कुठून? शेजारच्या नवी मुंबईतून. शहर वसवायला सिडको या सरकारी महामंडळाने जमिनी घेतल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, दि. बा. पाटलांच्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं पुढे आलं, आणि तेही मिळवायला लोकांनी किती वर्षं हेलपाटे घातले ते पेणच्या माणसाला सांगावं लागत नव्हतं, कारण त्याची बहीण तिकडे दिलेली होती, मामा तिकडचा होता. जाळं म्हणशील तर हे. सोयरीक, बाजार, जत्रा, एकाच एसटीने जाणारी माणसं. तुझ्या नऊ गावांत हे जाळं आधीच आहे, त्याला तुझा ग्रुप अजून लागलेला नाही इतकंच.

ग्रुप वाईट नाही गं. चरीच्या संपातून, म्हणजे अलिबागजवळ १९३३ पासून पाच-सहा वर्षं २५ गावच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हणून शेतं ओसाड ठेवली तो संप, त्याच लढ्यातून नारायण नागू पाटलांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ काढला. वर्तमानपत्र लागतंच. पण तिथे संप आधी होता, छापखाना मागून आला. तुझ्याकडे छापखाना आधी आलाय.

मग करायचं काय.

पहिलं काम कागदाचं, आणि इथे तुझी अमेरिकन कंपनीतली नोकरी कामाला येते. ग्रुपवर म्हणे फिरतंय की ८० टक्के लोकांची संमती लागतेच, आपण नाही दिली की विषय संपला. असं नाहीये. ८० टक्के हे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी, सरकार-खासगी भागीदारी असेल तर ७०. एमआयडीसी संपादन करते ते स्वतःच्या १९६१ च्या कायद्याखाली, तिथे ही टक्केवारी आपोआप तुमच्या बाजूने उभी राहत नाही. तिथली पहिली नोटीस असते कलम ३२ (२) ची, ती हरकती मागवते, आणि तिच्यातच मुदत लिहिलेली असते. ती मुदत आजच्या आज बघ, हे सदर वाचून संपायच्या आत बघितलीस तरी चालेल. हरकत प्रत्येक खातेदाराने वेगळी द्यायची. एकच नमुना झेरॉक्स करून तीनशे जणांनी सही करू नका, तो गठ्ठा एका शेऱ्यात निकाली निघतो. माझी एवढी गुंठे जमीन, हे पीक, ही विहीर, एवढी आंब्याची झाडं, गुरं कुठे चरतात, घरात खाणारी तोंडं किती, असं ज्याचं त्याने. आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरायची नाही. तालुक्याच्या ठिकाणी जमिनीचं काम करणारा एखादा वकील गाठा, महिन्याला एकदा तासभर दिला तरी पुरे.

दुसरा कागद सातबारा. पीक पाण्याचा रकाना काढून बघ. खाडीकाठच्या कितीतरी सातबाऱ्यांवर गेली काही वर्षं पीकच लागलेलं नसतं, शेत पिकलेलं असतं पण ई-पीक पाहणी कोणी केलेली नसते, कारण २०२१ पासून ती मोबाइलवर स्वतः करायची आणि बाबांच्या मोबाइलला ते अॅप चालत नाही. मग कागदावर जमीन पडीक. उद्या पर्यावरणाचा अहवाल येईल, सहाशे पानी, इंग्रजीत, त्यात तुमच्या गटावर ‘ओसाड’ लिहून मोकळे होतील आणि वर हाच सातबारा पुरावा म्हणून लावतील. तुझ्या ग्रुपमधल्या ३४० मध्ये कॉलेजची पोरं किती आहेत? त्यांना जागतिकीकरणाचा व्हिडिओ पाठवू नकोस, त्यांना सांग या हंगामात नऊ गावांत एकही शेत पीक पाहणीवाचून राहता कामा नये. एका पोराकडे वीस म्हाताऱ्यांचे मोबाइल. बघ मग मीटिंगला किती येतात ते, ज्याचं काम केलंय तो येतोच.

तो अहवाल आला की मात्र तूच वाचायचा, पानपान. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागेल तेव्हा २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा मराठी सारांश लोकांना मिळायला हवा. सारांशात गोड गोड असतं, खरं आतल्या तक्त्यांत असतं. रोज ऑफिसात क्लायंटची डॉक्युमेंटं चाळतेसच की. गावात हे करू शकेल असं दुसरं कोण आहे?

म्हणून नोकरी सोडू नकोस. सध्या तरी नाही. गावी येऊन बसलीस की आधी सहा महिने तू कुणाची कोण, लग्न का नाही, नोकरीवरून काढलं का, यातच जातील. आणि पैशाचा प्रश्न आहे, झेरॉक्स, वकील, जीप, चहा, याला दर महिन्याला थोडे लागतात आणि ते बाहेरच्या देणगीतून आले की पहिला संशय त्यावरच. तुझ्या पगारातले दोन हजार, मुंबईतल्या चाकरमान्यांचे पाचशे-पाचशे, आणि हिशोब दर महिन्याला देवळाच्या भिंतीवर हाताने लिहून. दोन वीकेंड गावी, दोन पुण्यात. दमशील पण निभेल. समजा वर्षभराने वाटलंच की गावात राहायला हवं तर तेव्हा बघू, तेव्हा गावच तुला बोलवत असेल आणि दोन्हीत फार फरक आहे.

मित्राला मात्र फार उत्तरं देत बसू नकोस. डॉलरवर जगणारीने बोलू नये आणि भातावर जगणाऱ्याला कळत नाही, मग बोलायचं तरी कोणी? असं एकदा विचार त्याला आणि चहा प्या.

आता जरा टोचेल असं लिहिते. तुझ्या पत्रात नऊ गावं आहेत, शेतकरी आहेत, जमीन आहे. कोळीवाडा नाही. कातकरीवाडी नाही. खाडीत जाळं टाकणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो त्यामुळे त्याला नोटीसही येत नाही आणि तुझ्या ग्रुपचं आमंत्रणही येत नाही, पण कारखान्याचं पाणी खाडीत सुटलं की पहिला मरतो तो. कातकरीवाडी तर आपल्याकडे बहुतेक वेळा कुणातरी जमीनवाल्याच्याच गटात वसलेली असते, आपण आपल्या जमिनीसाठी छाती पुढे काढतो आणि वाडीखालचा तुकडा त्यांच्या नावावर करायची वेळ आली की सगळे देवळामागे गप्प. ते लोक मोर्चाला का येतील? आणि एजंट त्यांना जाऊन सांगेल की कंपनी पक्की घरं देणार, तर त्यांनी का ऐकू नये? याचं उत्तर तुम्हा जमीनवाल्यांना द्यायचंय, कंपनीला नाही. मीटिंग दर वेळी तुमच्याच देवळात नको, एकदा कोळीवाड्यात, एकदा वाडीवर. गावागणिक दोन माणसं घ्या, त्यातली एक बाईच.

बाईवरून आठवलं. सातबाऱ्यावर वारस नोंदी झाल्यात का? तुझं नाव आहे? आत्यांची आहेत? की भावांना हक्कसोड लिहून दिलाय सगळ्यांनी? मी पाहिलंय, जमिनीचा पैसा येणार म्हटलं की वर्षानुवर्षं न विचारलेल्या बहिणींकडे पेढे घेऊन माणसं जातात, सही पाहिजे असते. ज्या घरांत बहिणींची नावं लागलेली आहेत तिथे एजंटला एका रात्रीत सौदा उरकता येत नाही, निदान चार दारं झिजवावी लागतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे आपल्याकडे, बहुतेक गावांत ती नुसती वहीत होते. ती खरीखुरी घ्या. ठराव तिथून पुढे येऊ दे, आणि ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात हातात घ्या, नाहीतर महिन्याने वहीत वेगळंच काहीतरी सापडतं.

राजकीय पक्ष येतील. येऊ देत, चहा द्या, माईक एकालाच देऊ नका. दाभोळचा एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प, अरबी समुद्रात बुडवू म्हणून १९९५ ची निवडणूक लढवली गेली, सत्ता आल्यावर करार रद्दही झाला, आणि पुढच्याच वर्षी नव्याने केला. शेवटी तो प्रकल्प बंद पडला तो २००१ मध्ये, त्या विजेचा दर वीज मंडळाला झेपेना म्हणून. तोवर तिकडच्या गावांनी पोलिसांचा मार खाल्ला होता, बायकांनीसुद्धा. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि ग्रुपवर गट नंबर, कोण विकतोय, कोण नाही, कोण रात्री कुणाकडे आलं होतं, यातलं काही टाकू नकोस. ३४० मध्ये एजंटचा माणूस असणारच, मी एजंट असते तर मीही घातला असता.

राहिले काका. तू लिहिलंयस, त्यांनी गद्दारी केली. विचारलंस का त्यांना, इसार का घेतला? मला पत्रातल्या एका ओळीतच उत्तर दिसलं, तू ती जाता जाता लिहून गेलीस, की तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि काकांच्या बाजूचं शेत खारं झालंय. म्हणजे काका तीन वर्षं भात विकत घेऊन खातायत. उधाणाचं पाणी शेतात, उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडायची, दारं कुजलेली, खारभूमी खात्याकडे अर्ज पडून, शेजाऱ्यांच्या बाजूला पाणी येत नाही म्हणून शेजाऱ्यांना घाई नाही. अशा माणसाला तू ग्रुपवर सांगतेयस की जमीन आपली आई आहे. त्याने इसार घेतला यात मला तरी नवल वाटत नाही. त्याला जमीन विकायची नसेलही, त्याला त्या खाऱ्या पाण्यातून बाहेर पडायचं असेल. आणि खरंच विकायचीच असेल तर तेही त्याचं म्हणणं आहे, मग निदान एकट्याने एजंटला न देता सगळ्यांच्या भावाने द्यावी, घाईत देऊ नये, एवढं तरी त्याच्याशी बोलता येईल. संबंध तोडलेस की ते दार बंद.

हे फक्त तुझ्यापुरतं नाहीये. विदर्भातून, मराठवाड्यातून, गोव्यातूनही मला अशी पत्रं येतात, कुठे खाण, कुठे महामार्ग, कुठे पवनचक्क्या, आणि प्रत्येक पत्रात एक काका असतोच. गोव्याच्या लोकांनी २००७ च्या शेवटच्या दिवशी मुख्यमंत्र्यांना सगळे सेझ रद्द करत असल्याचं जाहीर करायला लावलं, तिथेही घराघरांत हे काका असणारच की. गावात विकणारे आणि न विकणारे अशी रेघ एकदा पडली की पुढचं काम एजंटचं सोपं होतं. ज्याची शेती परवडत नाही त्याला ती परवडेल असं काही गावाने केलं, तर ती रेघ जरा पुसट होते. तुमच्याकडे ते काम समोर दिसतंय, खांड बुजवायची. नऊ गावांची पहिली मोहीम तीच का नको? श्रमदान, खात्यात पाठपुरावा, लागला तर माहिती अधिकारात अर्ज की या बांधाच्या दुरुस्तीवर आजवर किती खर्च दाखवलाय, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. ते उत्तर वाचून गावाला जो राग येईल ना, तो तुझ्या शंभर फॉरवर्डनी येणार नाही. आणि मग कोणीतरी म्हातारा आपण होऊनच विचारेल की बांधाला पैसे नाहीत आणि कारखान्याच्या रस्त्याला कुठून आले. तेव्हा सांग जागतिकीकरण, निर्यात, कर्ज, सवलती, काय सांगायचंय ते. तेव्हा ऐकतील.

वडिलांचं मी काही लिहिलं नाही. ते घाबरलेत, तुझ्यासाठी. त्यांना कामाला लाव, जुने बांध कुठे होते, शिलोत्री पद्धतीत कोणत्या घराने किती बांध राखायचा हे त्यांना पाठ असेल, वहीत लिहून घे त्यांच्याकडून.

शनिवारी जाणार आहेस म्हणालीस. त्याआधी काकांना फोन कर. इसाराचं काढू नकोस. खांड आता किती हात रुंद झालीय आणि अवसेच्या उधाणाला पाणी कुठपर्यंत येतं, तेवढंच विचार.